पत्ता संभाजीनगरचा, खासदार जालन्याचा: या मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा वाचावा

एका वाचकाने विचारलं आहे: "करमाडजवळच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. पत्ता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा, आमदार फुलंब्रीचा आणि खासदार जालन्याचा, हे कसं काय? जालना तर वर्षानुवर्षं भाजपकडे होता, मग २०२४ ला एका झटक्यात लाखाच्या फरकाने काँग्रेसकडे कसा गेला? आणि सहा महिन्यांत इथले सगळे आमदार पुन्हा महायुतीचेच कसे आले? लोक इतक्या लवकर मन बदलतात का?"

वर्तमानपत्राच्या कामात जालना आणि संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांतल्या निवडणुका मी बरीच वर्षं पाहिल्या. मोजणीच्या फेऱ्यांचे आकडे उतरवून घ्यायचे, नंतर ते गाववार जुळवायचे, हे कामाचंच अंग होतं. त्या सवयीतून उत्तर देतो.

तुमचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, अडचण मात्र एकच आहे. आपण मतदारसंघाचं नाव आणि निवडून आलेल्याचं नाव, एवढंच लक्षात ठेवतो. त्या नावाखाली कोणती गावं आहेत, ती कधीपासून आहेत आणि जिंकणारा किती मतांनी जिंकला, हे बघत नाही. जालन्याचा इतिहास या तीन गोष्टी बाजूला ठेवून वाचला की २०२४ चा निकाल चमत्कार वाटतो. त्या जोडून वाचला की वाटत नाही.

आधी तुमच्या पत्त्याचं. जालना लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. पहिले तीन जालना जिल्ह्यातले, उरलेले तीन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. म्हणजे निम्मा मतदारसंघ शेजारच्या जिल्ह्यात आहे. उलट जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी हे मतदारसंघ परभणी लोकसभेला जोडलेले आहेत. अंबड तालुका तर दोघांत वाटला गेला आहे, एक भाग बदनापूरमध्ये आणि एक घनसावंगीत. करमाड, शेंद्रा, लाडसावंगी हा पट्टा फुलंब्री विधानसभेत येतो, म्हणून तुमचा खासदार जालन्याचा. इथला योगायोगही बघा. आत्ताचे जालन्याचे खासदार कल्याण काळे हे फुलंब्रीच्या राजकारणातले, म्हणजे संभाजीनगर जिल्ह्यातले. औरंगाबाद लोकसभेचे खासदार संदीपान भुमरे हे पैठणचे, आणि पैठण जालना लोकसभेत आहे.

हे सगळे भाग एकसारखे नाहीत. जालना हे व्यापारी आणि कारखानदारीचं शहर आहे. पोलादाच्या भट्ट्या, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोठा मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, ही त्याची ओळख. भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड, सोयगाव हा डोंगराकडचा जिरायती भाग. कापूस, मका, सोयाबीन, मिरची. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात परराज्यातले व्यापारी येतात. पैठणला जायकवाडीचं धरण आहे, पण धरणाशेजारच्या सगळ्या गावांना त्या पाण्याचा सारखा लाभ नाही. जालना शहराला पिण्याचं पाणी त्याच जायकवाडीवरून येतं. बदनापूरकडे मोसंबीच्या बागा आहेत, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात बागांना टँकरने पाणी घालणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. आणि मग तुमचा शेंद्रा-करमाडचा आणि तिकडे बिडकीनचा औद्योगिक पट्टा, ज्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता इतिहास. मराठवाड्यातल्या पहिल्या तीन लोकसभा निवडणुका तीन वेगवेगळ्या राज्यांत झाल्या. १९५२ ला आपण हैदराबाद राज्यात होतो. जालना नावाचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा नव्हताच, अंबड नावाचा होता, आणि तिथून काँग्रेसचे हणमंतराव वैष्णव निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणून १९५७ ची निवडणूक त्या राज्यातली. तेव्हा जालन्यातून काँग्रेसचे सैफ तय्यबजी आले. ते मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्यातले. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली आणि ती शेतकरी कामगार पक्षाच्या ए. व्ही. घारे यांनी जिंकली. हा निकाल सहसा कोणी सांगत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळातही इथल्या खेड्यांनी दुसरीकडे मत दिलं, आणि ते शेतकऱ्यांच्या नावाने उभ्या असलेल्या पक्षाला दिलं. १९६२ ची निवडणूक महाराष्ट्र राज्यातली पहिली. तेव्हा रामराव यादव, १९६७ ला व्ही. एन. जाधव, १९७१ ला बाबूराव काळे, असे काँग्रेसचे खासदार झाले.

१९७७ पासून खेळ बदलला. त्याआधी १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता, १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन होऊन गेलं होतं आणि आणीबाणी नुकतीच संपत होती. जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे जिंकले. १९८० ला बाळासाहेब पवारांनी जागा काँग्रेसकडे परत आणली आणि १९८४ ला राखली. १९८९ ला पुन्हा पुंडलिक हरी दानवे, या वेळी भाजपचे. १९९१ ला काँग्रेसचे अंकुशराव टोपे. १९९६ ला भाजपचे उत्तमसिंह पवार, १९९८ ला पुन्हा तेच. म्हणजे १९७७ ते १९९६ या काळात ही जागा १९७७, १९८०, १९८९, १९९१ आणि १९९६ अशी पाच वेळा बाजू बदलून गेली. ज्या मतदारसंघाबद्दल आज "तो कायम एकाच पक्षाचा" असं बोललं जातं, त्याचा स्वभाव वीस वर्षं असा होता.

१९९९ ला रावसाहेब दानवे आले. त्याआधी १९९० आणि १९९५ ला ते भोकरदनचे आमदार होते. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ अशा पाच निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. उत्तमसिंह पवारांच्या दोन धरल्या तर भाजपने सलग सात वेळा ही जागा घेतली.

जुने निकाल चाळताना आडनावांनी गोंधळू नका. १९७७ आणि १९८९ चे दानवे म्हणजे पुंडलिक हरी, रावसाहेब नव्हेत. १९७१ चे काळे बाबूराव, २०२४ चे काळे कल्याण. पवारही दोन, एक काँग्रेसचे बाळासाहेब आणि एक भाजपचे उत्तमसिंह. त्यातही उत्तमसिंह पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि २००९ ला औरंगाबादेतून काँग्रेसचे उमेदवार होते. नवखे वार्ताहर "दानवे १९७७ पासून" असं लिहून मोकळे होतात आणि मग तीच चूक वर्षभर सगळीकडे फिरत राहते.

आता सीमांचं. १९७७ ते २००४ या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या सीमांनुसार झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून नव्या सीमा लागू झाल्या. फुलंब्री हा विधानसभा मतदारसंघ तेव्हा नव्याने आला. अंबड नावाचा विधानसभा मतदारसंघ गेला आणि घनसावंगी आला. म्हणून २००४ चं मताधिक्य आणि २००९ चं मताधिक्य शेजारी ठेवून "पक्षाची मतं घटली" किंवा "वाढली" असा निष्कर्ष मी काढत नाही. मतदार तेच नव्हते. १९७७ ते २००४ आपसात ताडून पाहा, २००९ ते २०२४ आपसात पाहा. दोन्ही काळ जोडायचेच असतील तर गाव हे माप धरावं लागतं, मतदारसंघ हे माप चालत नाही.

त्या नव्या सीमांतल्या चार निवडणुका आता बघू. २००९ ला रावसाहेब दानवेंना ३,५०,७१० मतं, काँग्रेसच्या कल्याण काळेंना ३,४२,२२८. फरक ८,४८२. सहा विधानसभा मतदारसंघांत हा फरक वाटला तर प्रत्येकी दीड हजाराच्याही आत येतो. २०१४ ला दानवेंना ५,९१,४२८ आणि काँग्रेसच्या विलास औताडेंना ३,८४,६३०, म्हणजे २,०६,७९८ चा फरक. २०१९ ला दानवे ६,९८,०१९, औताडे ३,६५,२०४, फरक ३,३२,८१५. आणि २०२४ ला काळे ६,०७,८९७, दानवे ४,९७,९३९, फरक १,०९,९५८.

या आकड्यांकडे मी असा बघतो. २००९ चा निकाल हा या मतदारसंघाचा मूळ तोल दाखवतो. देशात कोणतंही मोठं वारं नसताना, दोन्ही बाजूंना तगडे उमेदवार असताना, जालना जवळपास बरोबरीत होता. २०१४ आणि २०१९ ला नरेंद्र मोदींच्या नावाची लाट त्या तोलावर चढली. लाट असताना मिळालेल्या मताधिक्याला आपण पक्षाची कायमची पुंजी समजलो, तिथे वाचन चुकलं. मताधिक्य कशाने मिळालं हे न विचारता ते किती होतं एवढंच विचारलं गेलं. एक उदाहरण देतो. मे २०१७ मध्ये तूर खरेदीवरून दानवेंनी शेतकऱ्यांबद्दल जे उद्गार काढले, त्यावर राज्यभर गदारोळ उठला. तेव्हा अनेकांना वाटलं, आता हे पडणार. दोन वर्षांनी त्यांचं मताधिक्य सव्वा लाखाने वाढलं. राग नव्हता असं नाही. मी गावोगावी ऐकलेला आहे. पण २०१९ ला लोक ज्या प्रश्नावर मत देत होते तो दिल्लीचा होता, तुरीचा नव्हता. तोच साठलेला राग पुढे दुसऱ्या कारणांना जाऊन मिळाला.

शेजारचं चित्रही लक्षात घ्या. २३ एप्रिल २०१९ ला, त्याच दिवशी, औरंगाबाद लोकसभेत मतदान झालं. तिथे एमआयएमचे इम्तियाज जलील शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंवर अवघ्या ४,४९२ मतांनी जिंकले, कारण हर्षवर्धन जाधव यांनी अपक्ष राहून २,८३,७९८ मतं घेतली. तुमच्या वसाहतीपासून शहराची हद्द काही फार लांब नाही. इकडे तीन लाखांचा फरक आणि तिकडे साडेचार हजारांचा, एकाच दिवशी. लाट एकच असली तरी ती कोणत्या भांड्यात पडते यावर पाणी किती चढतं ते ठरतं.

आता २०२४. इथे कारणं अनेक आहेत आणि कोणत्या कारणाचा किती वाटा हे नेमकं मोजून सांगता येईल असं मी मानत नाही. मतपेटीतून कारण बाहेर येत नाही, फक्त संख्या येते. तरी गावागावांत फिरताना जे दिसलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, मराठा आरक्षणाचं आंदोलन. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मनोज जरांगे पाटलांचं नाव घराघरांत गेलं. गंमत अशी की अंतरवाली जालना जिल्ह्यात असली तरी अंबड तालुक्याचा तो भाग घनसावंगी विधानसभेत, म्हणजे परभणी लोकसभेत येतो. बाहेरून आलेले पत्रकार अंतरवालीत बसून जालन्याच्या निकालाचे अंदाज बांधत होते. पण आंदोलनाला लोकसभेची हद्द नसते, त्याचा परिणाम जालन्यावर झाला यात मला शंका नाही. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला फक्त औरंगाबाद मिळाली. म्हणजे जालन्याचा निकाल हा एकट्या जालन्याचा नव्हता.

दुसरं, पाऊस आणि भाव. २०२३ च्या खरिपात पाऊस दगा देऊन गेला. राज्य सरकारने जे ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड होते. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये असताना मोंढ्यात त्याच्या खाली विक्री होत होती. कापूस घरात ठेवून भाव वाढण्याची वाट बघणारे शेतकरी शेवटी मिळेल त्या भावात विकून मोकळे झाले. दुसऱ्या बाजूला ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, दानवे तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते. समृद्धी महामार्गही जालन्यावरून जातो. ही कामं खरी आहेत आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण भोकरदनच्या शेतकऱ्याचं सालाचं गणित वंदे भारतवर चालत नाही, मोंढ्यातल्या भावावर चालतं. मी बोललेल्या कित्येकांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: काम केलंय, पण या वेळी नाही.

तिसरं, उमेदवार. कल्याण काळे हे २००९ ला थोडक्यात हरलेले, फुलंब्री भागात घरोघरी ओळख असलेले. २०१४ आणि २०१९ ला काँग्रेसने दुसरा उमेदवार दिला होता. २०२४ ला पंधरा वर्षांपूर्वीचीच जोडी पुन्हा समोरासमोर आली. शिवाय मुस्लिम आणि दलित मतांचा मोठा भाग महाविकास आघाडीकडे वळला. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीला इथे सत्तर हजारांवर मतं होती, या वेळी ती बरीच घटली. संविधान बदललं जाईल या भीतीचा मुद्दा वस्त्यांमध्ये पोचलेला होता, तो कोणी बाहेरून येऊन भरवला असं म्हणणं त्या मतदारांवर अन्याय करणारं आहे.

मतदान सुमारे ६९ टक्के झालं, १३ मेच्या उन्हात. २०१९ पेक्षा चार-पाच टक्क्यांनी जास्त. लोक उदासीन होते म्हणून निकाल फिरला, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

आणि अपक्ष मंगेश साबळे. फुलंब्री तालुक्यातला हा तरुण सरपंच आरक्षण आंदोलनातून पुढे आला आणि त्याने दीड लाखाहून जास्त मतं घेतली. निकालानंतर पारावर एक हिशेब फिरत होता: दानवेंची ४,९७,९३९ आणि साबळेंची दीड लाख मिळवली की काळेंपेक्षा जास्त होतात, म्हणजे साबळेंनी दानवेंना पाडलं. बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. साबळेंचा मतदार सरकारवर चिडलेला होता. ते रिंगणात नसते तर तो मतदार उठून सरकारी पक्षाला मत द्यायला गेला असता, असं कशावरून धरायचं? माझ्या मते त्यातला बराच भाग काळेंकडे गेला असता आणि काही लोक मतदानालाच गेले नसते. अपक्षाची मतं कोणाच्या खात्यातून गेली हे ठरवताना आधी ती मतं देणाऱ्याचं म्हणणं काय होतं ते विचारायचं. दानवेंची मतं २०१९ च्या तुलनेत दोन लाखांनी घटली, काँग्रेसची दोन लाख चाळीस हजारांनी वाढली. नुसती विभागणी झाली असती तर काँग्रेसची मतं इतकी वाढलीच नसती.

इथपर्यंतचं थोडक्यात धरून ठेवा: मतदारसंघ मुळात तोलावरचा, दोन निवडणुका लाटेच्या, आणि २०२४ ला आंदोलन, दुष्काळ, भाव आणि ओळखीचा उमेदवार हे सगळं एका बाजूला झुकलेलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सहा महिन्यांत सगळे आमदार उलट कसे. नोव्हेंबर २०२४ ला सहाही जागा महायुतीने घेतल्या: जालन्यात अर्जुन खोतकर, बदनापूरला नारायण कुचे, भोकरदनला संतोष दानवे, सिल्लोडला अब्दुल सत्तार, फुलंब्रीत अनुराधा चव्हाण, पैठणला विलास भुमरे. तुम्हाला हे विचित्र वाटतं कारण तुम्ही २००९ पाहिलेलं नाही. मे २००९ ला दानवे खासदार झाले. ऑक्टोबर २००९ ला याच सहांपैकी पाच जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या: जालन्यात कैलास गोरंट्याल, भोकरदनला चंद्रकांत दानवे, सिल्लोडला सत्तार, फुलंब्रीत स्वतः कल्याण काळे, पैठणला संजय वाघचौरे. फक्त बदनापूर शिवसेनेकडे, संतोष सांबरे. खासदाराच्या स्वतःच्या भोकरदनमधूनही आमदार विरोधी पक्षाचा आला. २०२४ ला घडलं ते त्याचंच उलटं चित्र आहे.

जालना शहराचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात १९९९ पासून आमदारकी आलटून-पालटून फिरते आहे: १९९९ गोरंट्याल, २००४ खोतकर, २००९ गोरंट्याल, २०१४ खोतकर (तेव्हा फरक होता फक्त २९६ मतांचा), २०१९ गोरंट्याल, २०२४ खोतकर. आमदार दर पाच वर्षांनी बदलत असताना २०२४ पर्यंत खासदार मात्र एकच. इथला मतदार दोन मतं दोन वेगळ्या कामांसाठी देतो. आमदाराकडून पाणी, रस्ता, पोलीस ठाण्यातलं काम, तहसीलमधला कागद. खासदाराच्या वेळी देश, समाज, शेतमालाचं धोरण. सिल्लोडमध्ये अब्दुल सत्तार काँग्रेसचे, मग शिवसेनेचे, मग शिंदेंच्या शिवसेनेचे म्हणून निवडून आले; मतदार माणसामागे गेला. तरी २०२४ ला त्यांचा फरक २,४२० वर आला, म्हणजे माणसामागे जाण्यालाही मर्यादा आहे.

नोव्हेंबरमध्ये आणखी काही गोष्टी बदलल्या होत्या. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते. गावात बायका त्याबद्दल पुरुषांपेक्षा वेगळं बोलत होत्या, आणि ते बोलणं टिपायला आम्ही पत्रकार उशिरा शिकलो. जूनमध्ये वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांचं ओबीसी आरक्षणासाठी उपोषण झालं, त्यातून ओबीसी मतं एकत्र यायला लागली. जरांगे पाटलांनी उमेदवार उभे न करण्याचा निर्णय घेतला. लोकांनी मन बदललं म्हणण्यापेक्षा, समोरचा प्रश्न बदलला आणि उमेदवारही बदलले.

आता तुमच्या पट्ट्याबद्दल, कारण हा भाग पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ऑरिक वसाहत दोन ठिकाणी आहे, शेंद्रा आणि बिडकीन. शेंद्रा फुलंब्री विधानसभेत, बिडकीन पैठण विधानसभेत. म्हणजे संभाजीनगरच्या नावाने ओळखली जाणारी ही नवी कारखानदारी जालना लोकसभेत बसते. ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधानांनी ऑरिकचं उद्घाटन केलं, ते लोकसभेनंतर आणि विधानसभेच्या तोंडावर.

या पट्ट्यात तीन प्रकारचे मतदार शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांचं राजकारण एकमेकांना फारसं भेटत नाही. जुन्या गावठाणातली कुटुंबं, ज्यांची जमीन गेली, मोबदला मिळाला, आणि आता मुलांना कारखान्यात कायमची नोकरी मिळत नाही म्हणून नाराजी आहे. नव्या वसाहतींतले तुमच्यासारखे, बँकेचं कर्ज काढून घर घेतलेले, ज्यांचा प्रश्न पाणी, ड्रेनेज आणि शहरात जायचा रस्ता. आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार. बुलढाणा, परभणी, हिंगोलीपासून बिहारपर्यंतचे. त्यातल्या बहुतेकांचं नाव गावच्या यादीत असतं. मतदानाला सुट्टी मिळाली तर ते गावी जातात, नाही तर जातच नाहीत. म्हणून या पट्ट्यात माणसं झपाट्याने वाढली तरी मतदार त्या वेगाने वाढत नाहीत, आणि निकाल अजूनही जुनं गावठाण ठरवतं. मी पाहिलेल्या केंद्रांत गावठाणाच्या बूथवर दुपारपर्यंत रांग असते, वसाहतीच्या बूथवर संध्याकाळीही जागा रिकामी. कोणता पक्ष तिथे पुढे हे सांगण्याआधी तिथे मतदान कोणी केलं हे पाहावं लागतं.

तुमचं नाव जुन्या ठिकाणीच असेल तर फॉर्म ८ भरून इकडे आणा. नव्या मतदारासाठी फॉर्म ६ असतो. हे सांगायचं कारण, वसाहतीतला पाण्याचा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि यादी उघडली की निम्म्यांची नावं दुसऱ्या तालुक्यात निघतात. ज्याचं मत इथे नाही त्याच्या पाण्याची काळजी निवडणुकीत कोण करणार?

आणि स्वतः अभ्यास करायचा असेल तर रीत सांगतो. प्रत्येक निवडणुकीनंतर फॉर्म २० नावाचा बूथनिहाय निकाल जाहीर होतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. फुलंब्रीचा २००९, २०१४, २०१९, २०२४ चा लोकसभेचा आणि विधानसभेचा, असे आठ तक्ते घ्या. बूथ क्रमांकांवर विश्वास ठेवू नका. २०२४ पर्यंत एका केंद्रावर साधारण दीड हजारांपेक्षा जास्त मतदार झाले की केंद्र फोडायचे आणि पुढचे सगळे क्रमांक सरकायचे. गावाचं नाव धरून जुळवा. टपाली मतं या गावांच्या बेरजेत येत नाहीत, ती लोकसभेला संपूर्ण मतदारसंघाची एकत्र धरलेली असतात, त्यामुळे बेरीज थोडी कमी आली तर घाबरू नका. मग एकाच गावाचे लोकसभा आणि विधानसभेचे आकडे शेजारी ठेवा. करमाडसारख्या एका मोठ्या गावाचं एवढं केलंत तरी पक्षनिष्ठा किती आणि उमेदवारनिष्ठा किती, हे तुमच्या हाताने कागदावर दिसेल. सोबत त्या वर्षीचा पाऊस आणि मोंढ्यातला कापूस-सोयाबीनचा भाव एका रकान्यात लिहा. मी हे नेहमी करतो आणि नवीन मुलांनाही करायला लावतो.

हे काम आत्ताच करून ठेवण्याला एक कारण आहे. लोकसभेच्या जागांचं वाटप न बदलण्याची घटनात्मक गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि पुढची जनगणना २०२७ ची ठरली आहे. त्यानंतर सीमा पुन्हा आखल्या जातील. करमाड-शेंद्रा पट्टा फुलंब्रीत राहील का, फुलंब्री जालन्यात राहील का, बिडकीनचं काय होईल, हे तेव्हा ठरेल. एकदा सीमा हलल्या की २००९ ते २०२४ चे मतदारसंघनिहाय आकडे पुढच्या निवडणुकांशी जुळणार नाहीत, जसे २००४ चे २००९ शी जुळत नाहीत. गाववार जुळवलेले तक्ते मात्र नव्या नकाशावरही लावता येतील. करमाडचे आठ तक्ते जुळवलेत तर मला पाठवा, माझ्याकडच्या लाडसावंगी आणि चौक्याच्या आकड्यांशी ताडून पाहू.